मुबारक बेगम आणि ‘एका गाण्याची गायिका’ हा शिक्का

हिंदी चित्रपटांच्या पार्श्वगायिका मुबारक बेगम यांचा विषय निघाला की १९६१ सालच्या ‘हमारी याद आयेगी’ या चित्रपटाचे शीर्षकगीत आठवले जाते आणि पाठोपाठ ‘बिचारी, एका गाण्याची गायिका’ असा शेरा येतो. मला त्या ‘बिचारी’ची चीड आहे. १९४९ च्या ‘आइये’पासून त्या पार्श्वगायन करत होत्या. बिमल रॉय यांच्या ‘देवदास’साठी सचिनदेव बर्मन यांनी आणि ‘मधुमती’साठी सलील चौधरी यांनी त्यांना बोलावले, तेव्हा ते प्रसिद्ध गाणे जन्मालाही आले नव्हते.

मुजऱ्याचे गाणे असले की संगीतकारांना त्यांचा खुला, धारदार आवाज हटकून आठवे. नायिकेच्या गाण्याला मात्र लताबाईच हव्या असत. त्या चौकटीबाहेर मुबारक बेगमना आणले ते ‘हमारी याद आयेगी’चे संगीतकार स्नेहल भाटकर यांनी, म्हणजे अभिनेते रमेश भाटकर यांच्या वडिलांनी. शीर्षकगीताची चाल त्यांनी इतकी संथ ठेवली की ‘आयेगी’वर लांबवलेल्या स्वरातला आर्जवही ऐकू येतो आणि इशाराही. (गंमत म्हणजे हिंदी श्रोता भाटकरांनाही याच एका गाण्याने ओळखतो.) पुढे ‘हमराही’मधले रफीसाहेबांबरोबरचे ‘मुझको अपने गले लगा लो’ही गाजले, म्हणजे ‘एक गाणे’ हा हिशेबच मुळात चुकीचा आहे.

गाणे गाजले तरी गाणाऱ्याच्या पदरात त्यातून पुढे काही पडत नसे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ध्वनिमुद्रणाचे ठरलेले पैसे एकदा हातावर पडले की संपले; मग तबकडी कितीही खपो. साठच्या दशकात लताबाईंनी रॉयल्टीचा आग्रह धरला, तर त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचा काही वर्षे अबोला झाला. लताबाईंचे वजनच एवढे होते की त्यांना भांडता आले. मुजऱ्याच्या गाण्यापुरती आठवण होणारी गायिका कोणाशी भांडणार? गायकांच्या रॉयल्टीला कायद्याचा भक्कम आधार मिळाला तो कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने. मुबारक बेगम २०१६ च्या जुलैत वारल्या. जोगेश्वरीच्या लहानशा घरात त्यांची अखेरची वर्षे पैशांच्या ओढाताणीत गेली.

आणि गुणांचेच बोलायचे, तर ‘सुशीला’ (१९६६) मधले सी. अर्जुन यांचे ‘बेमुरव्वत बेवफा’ मी त्या सुप्रसिद्ध गाण्याच्या वर ठेवतो. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी ते आधी पूर्ण ऐकावे आणि मग खुशाल वाद घालावा.