पोत्याचं तोंड

परवा देवाकडे माझी तक्रार गेली. माझ्यासमोर, खड्या आवाजात, नावानिशी नसली तरी धंद्यानिशी. आणि अख्ख्या वाडीने तिला अनुमोदन दिलं. अनुमोदन देणाऱ्यांत माझी बायकोही होती.

प्रसंग व्हाळावरच्या, म्हणजे आमच्या ओढ्यावरच्या, वनराई बंधाऱ्याच्या जलपूजनाचा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि पावसाळा सरल्यावर, व्हाळ आटायच्या आत, ती आडवी रचून पाणी अडवायचं, एवढंच काम. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेवरून हे नाव पडलं. धारिया मूळ महाड तालुक्यातले, तेव्हा कोकणातला पाऊस जातो कुठे हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नसेल. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरीत कळशी सोडली की दगडाला लागून ठण्ण वाजते. जमीन जांभ्याची, उतार समुद्राकडे. सह्याद्रीवर पडलेलं पाणी वाटेत कुठे चहालाही न थांबता अरबी समुद्र गाठतं. त्यावर हा बंधारा चांगला उपाय आहे आणि खर्च जवळपास नाही. पोती फुकट, माती फुकट, माणसं फुकट. म्हणूनच सरकारला तो मनापासून आवडतो.

या फुकट माणसांत मी कसा गेलो, तर ग्रामसभेमुळे. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तितकी माणसं हजर लागतात. आमच्याकडे दशावताराला रात्री दोन वाजता त्याहून जास्त माणसं बसलेली असतात, पण सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सरपंच, ग्रामसेवक, शिपाई आणि पंख्याखालची जागा धरून बसलेले निवृत्त गुरुजी. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे गावाचे सगळे मोठे निर्णय तहकूब सभेतच होतात. असल्याच एका सभेत, मी दाखल्यावर सही घ्यायला म्हणून डोकावलो आणि बंधारा समितीचा सदस्य होऊन बाहेर पडलो. बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समितीला झेरॉक्सवाला लागतोच, हा युक्तिवाद मला तेव्हा कौतुकाचा वाटला होता.

काम सुरू झालं तेव्हा खरी माणसं कळली. समितीच्या कागदावर पुरुषांची नावं होती आणि व्हाळात बचत गटाच्या बायका. दाभण आणि सुतळी घेऊन त्या पोत्यांची तोंडं अशा झपाट्याने शिवत होत्या की मला भरायला उसंत मिळेना. चिकण माती वरच्या मळ्यातून आणायची होती. म्हणजे डोक्यावर पोतं घेऊन घाटी उतरायची. २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात आमचा जिल्हा देशात पहिला आला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तो आला मैदानी जिल्ह्यांत. डोंगराळ जिल्ह्यांत पहिलं हिमाचलचं मंडी. ज्या कोणी आम्हाला मैदानी ठरवलं त्याच्या डोक्यावर चिकण मातीचं एक भरलेलं पोतं द्यावं आणि आमची घाटी उतरायला सांगावं. नोव्हेंबरात. शेवाळ पुरतं वाळलेलं नसताना.

आणि व्हाळाच्या काठावर, करंजाच्या सावलीत, दगडी गडग्यावर आबा बसले होते.

आबांचं वय त्यांनाही नक्की माहीत नाही, पण प्रत्येक कामाचा अनुभव त्यांच्या वयाहून जुना असतो. खांद्यावर टॉवेल, मांडीवर पानाची पिशवी, हातात काठी. ही काठी चालायला नाही, दाखवायला. आम्ही सकाळी पोचलो त्याआधीच ते तिथे होते. त्यांनी पिशवी उघडली, पान काढलं, देठ खुडला, पानाच्या पाठीवर अंगठ्याने चुना फिरवला, आणि मी पहिलं पोतं ठेवायला वाकलो तेवढ्यात विचारलं,

“झिला, पोत्याचा तोंड खंय करतंस?”

मी म्हटलं, “खालच्या अंगाला, आबा. माहितीपत्रकात तसंच आहे.”

“पत्रक कोणी काढल्यान?”

“सरकारने.”

“आणि तेचो झेरॉक्स?”

“मी.”

“मगे!” असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं. कोर्टात वकील शेवटचा साक्षीदार फोडून खाली बसतो ना, तसं. आजूबाजूच्या बायका हसल्या. खरं तर यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढे पान रंगत गेलं तसे आबाही. “तोंड वरच्या अंगाक व्हया. पाणी तोंडार इला की पोता फुगता. फुगला की घट्ट बसता. आमच्या टायमार असाच करीत.” मी विचारलं, तुमच्या वेळी सिमेंटची पोती होती? तर म्हणाले, “पोती नाय होती, पण तोंडा होती.” यावर काय बोलणार? पुन्हा एक पोतं ठेवलं की काठी पुढे यायची. “ता नको. त्याच्या बाजूचा. नाय, ता पण नको. आधीचाच बरा होता.” खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचं पोतं यावं म्हणून मी डोळ्यांत तेल घालून रचत होतो, आणि हे वरून सांगत होते की व्हाळाची धार यंदा डावीकडे सरकली आहे, ती का सरकली, ती सरकायला कोणाचा आजा कारण, त्या आज्याने कोणाच्या परड्यातला माड तोडला, आणि त्यावरून झालेला दावा कुडाळच्या कोर्टात कसा पडला. दाव्याची हकिकत चांगलीच रंगली. अर्धी वाडी पोती खाली ठेवून ऐकत उभी. मीही. मी प्रतिवादीच्या बाजूने होतो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. काम चालू असताना त्या गडग्यावरून आबा एकदाच उठले, आणि तेही चहा आल्यावर. पहिला कप त्यांना. काम करणाऱ्यांना नंतर, आणि नंतर म्हणजे संपल्यावर.

दुपारी पाहुणे आले. त्यांचं पद सांगत नाही; गाडीवर लिहिलेलं होतं. सोबत फोटोवाला. पाहुण्यांनी पॅण्ट दुमडली, एक घमेलं मागितलं, ते रिकामंच हातात घेतलं आणि ‘श्रमदान करताना’ फोटो काढून घेतला. दुसरा फोटो पलीकडच्या काठावरून. का, असं मी विचारलं, तर फोटोवाला म्हणाला, बंधाऱ्यांचं उद्दिष्ट पूर्ण व्हायचं आहे. मला वाटलं थट्टा करतोय. तो करत नव्हता. बायकांना बाजूला व्हायला सांगितलं कारण त्यांच्या अंगावर चिखल होता. तो चिखल कशाचा, हे सांगायची माझ्या जिभेवर आलेली गोष्ट मी गिळली, आणि ती अजून नीट पचलेली नाही.

मग नारळ. पूजनाआधी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं घालायला गावात मानकरी आहेत, पण ते त्या दिवशी कणकवलीला लग्नाला गेलेले. सगळ्यांच्या माना करंजाखाली वळल्या. आबांनी पिंक टाकली, तोंड धुतलं, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि ते उभे राहिले. आवाज असा की पलीकडच्या वाडीतली कुत्री गप्प झाली.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी व्हाळाक बांध घातल्यानी हा, तो मान्य करून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांनी. मीही, हात जोडून, भक्तिभावाने.

“पाणी बारमाही ठेव, गुराढोरांक, लेकराबाळांक सुखी ठेव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या कामात कोणाकडसून काय वाकडा-नाकडा झाला असात, तर ता पोटात घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इथे थांबायला हरकत नव्हती. रिवाजाप्रमाणे एवढं पुरतं. पण आबांनी श्वास घेतला, आणि त्या श्वासातच मला काहीतरी कळून चुकलं.

“आता ह्यो आमचो झेरॉक्सवालो झील, शिकलेलो असा, पण व्हाळातला तेका काय कळणा नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेना पोत्यांची तोंडा उलटी केल्यान, ती तू सुलटी करून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या खेपेला आवाज आधीपेक्षा मोठा होता, हे मी शपथेवर सांगतो. गावचं मूलबाळ सुखी राहावं याला जेवढा जोर नव्हता तेवढा याला.

“मोठ्या माणसांनी सांगलेला आयकणा नाय, तेका आयकाची बुद्धी दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पाहुण्यांनीसुद्धा. पाहुणे देशावरचे, त्यांना मालवणी कळत नाही. पण सगळे म्हणतायत म्हटल्यावर तेही म्हणाले.

या अपमानात खास कोकणी मेख अशी की त्याला उत्तर देता येत नाही. आबा मला बोलले असते तर मी दोन शब्द सुनावले असते. ते देवाशी बोलत होते. दोन मोठ्या माणसांच्या बोलण्यात मी मध्ये कसा पडणार? हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं की नाही हा प्रश्न. नाही म्हटलं तर देवाचा अवमान, म्हटलं तर माझा. मी ओठ हलवले.

घरी येऊन बायकोला विचारलं, तू का म्हणालीस? ती म्हणाली, “सगळी म्हणी होती, मी एकटी गप कशी रवतलंय? देवाचा काम ता.” थोड्या वेळाने आतून, कुळथाची पिठी ढवळता ढवळता: “आणि आयकणंस नाय, ता खराच.”

तोवर गाऱ्हाण्याचा व्हिडिओ मुंबईत पोचला होता. आमच्या वाडीची निम्मी लोकसंख्या लालबाग, भांडुप आणि नालासोपाऱ्यात राहते, गणपती आणि शिमग्याला गावात येते, आणि उरलेलं वर्ष व्हॉट्सॲपवरून गाव चालवते. रात्री अकरापर्यंत पोत्याच्या तोंडावर जाणकारांच्या चर्चेचा धुरळा उडाला. व्हाळ शेवटचा पाहून ज्याला पंधरा वर्षं झाली असतील अशा एकाने बाणांची आकृती काढून पाठवली. बाण वरच्या अंगाला. दुसऱ्याने विचारलं की समितीत तांत्रिक माणूस का घेतला नाही. तिसऱ्याने नुसता हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, ते आबांना. पोती कोणी शिवली, माती कोणी उतरवली, हे एकानेही विचारलं नाही. बंधाऱ्यासाठी ‘यथाशक्ती’ पाठवा म्हणून मी महिनाभर आधी टाकलेला निरोप त्याच ग्रुपवर वर कुठेतरी आहे. त्याखाली कोणीतरी ‘सुप्रभात’ लिहिलेलं आहे.

आता बंधाऱ्याचं. नवा बंधारा थोडा पाझरतोच. पहिल्या दिवशी सांध्यांतून पाणी येत होतं, आणि जो तो येऊन ते बघत होता आणि मग माझ्याकडे बघत होता. नंतर पाण्यासोबत आलेला गाळ सांध्यांत बसला, चिकण मातीने धरलं, आणि व्हाळ गुडघाभर तुंबला. खालच्या अंगाच्या विहिरीला पाणी चढलं. गुरं येऊ लागली, पोरं डुंबू लागली. कोणी कुळीथ, कोणी मिरची लावायचं बोलू लागलं. मला वाटलं, झालं, आता तरी.

कसलं काय! वाडीत एकमताने ठरलं की गाऱ्हाणं लागू पडलं. देवाने रातोरात पोती सुलटी केली. मी सांगत सुटलो की बाबांनो, जाऊन बघा, तोंडं अजून खालच्याच अंगाला आहेत, एकही पोतं हललेलं नाही. तर बाजारातला चहावाला, शहाणा माणूस, मला समजावू लागला, “दिसतत खाली. पण आतून वर असतली.”

पाझरलं असतं तर माझ्यामुळे, टिकलं ते देवामुळे. म्हणजे या हिशेबात मला जागाच नाही. मे महिन्यात पोती सोडवून न्यायला मात्र मीच लागणार, कारण नाही नेली तर पहिल्या पुरात ती फाटून खाडीत जातात आणि मासेमाऱ्यांच्या जाळ्यात प्लास्टिकच्या चिंध्या येतात. त्या कामाला पाहुणे येत नाहीत, नारळ फुटत नाही, आणि आबा उन्हाळ्यात दुपारी झोपतात.

काल ग्रामपंचायतीचा शिपाई दुकानात आला. वरच्या वाडीला पुढच्या आठवड्यात बंधारा घालायचाय, त्याची पत्रिका छापायची होती. मजकूर वाचला. ‘प्रमुख मार्गदर्शक व जलतज्ज्ञ’ म्हणून आबांचं नाव, फोटोसकट. खाली बारीक अक्षरांत, समस्त समिती सदस्य. मी विचारलं, रंगीत की काळ्या-पांढऱ्या? तो म्हणाला, रंगीत, आबांनी खास सांगितलंय, फेटा नीट दिसला पाहिजे. मी विचारलं, पैसे? तो म्हणाला, तुम्ही समितीत आहात ना.