मुका, रताळं आणि रोटोरुआ

न्यूझीलंडहून परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, "ते जीभ बाहेर काढून नाचतात ते बघितलंस का?"

बघितलं. तिथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे माओरींचा, हाका नाच समोर बसून बघताना छातीत धडधडतं, खरंय. पण माझा जीव अडकला तो एका पातीत.

ऑकलंडहून रोटोरुआ गाडीने तीन तास. तिथल्या 'ते पुइआ' नावाच्या माओरी कलासंस्थेत लाकडावरचं कोरीवकाम आणि विणकाम शिकवतात. ही संस्था १९६३ च्या कायद्याने उभी राहिली. उकळत्या पाण्याचं कारंजं बघायला आपण जे तिकीट काढतो, त्याचे पैसे या शाळांच्याही कामी येतात.

हाराकेके नावाच्या झाडाची पाती साधारण केवड्यासारखी, लांब. विणणाऱ्या बाई म्हणाल्या, मधला कोंब म्हणजे बाळ, दोन्ही बाजूंची पाती आईबाप. या तिघांना हात लावायचा नाही. कापायची ती बाहेरची, आजीआजोबांची. मग पात शिंपल्याने खरवडली की आतून रेशमासारखा धागा निघतो. त्याचं नाव मुका! (हसू कसंबसं दाबलं. बाईंना काय समजावणार?)

नाचणाऱ्यांच्या कमरेची पिउपिउ, म्हणजे झालरीसारखा घागरा, तीही याच पातीची. न खरवडलेला भाग वाळून नळीसारखा वळतो, म्हणून ती हलली की खळखळते. संध्याकाळी नाच सुरू झाला तेव्हा माझं निम्मं लक्ष त्या आवाजाकडेच.

आमच्यातले एक काका म्हणाले, "हे सगळं टुरिस्टांसाठी बसवलेलं." असेना का! आपल्याकडे नाटकाचे प्रयोग रोज होतात, त्यांना कोणी खोटं म्हणतं का? स्वागताच्या वेळी पाहुण्यांतल्याच एकाला आमचा प्रमुख करून पुढे उभं केलं. योद्धा भाला फिरवत आला, त्याने जमिनीवर पान ठेवलं. ते उचलायचं, नजर त्याच्यावरून न हलवता. हसू नका, असं आधीच बजावलं होतं. तरी मागे चार-पाच जण जीभ काढून सेल्फी घेत होते. पोरकटपणा सगळा आमच्या बाजूचा. मला तर मान खाली घालाविशी वाटली.

जेवण हांगीचं, म्हणजे जमिनीत पुरून तापल्या दगडांवर शिजवलेलं. त्यातला कुमारा मी दोनदा घेतला. कुमारा म्हणजे आपलं रताळंच. माओरींचे पूर्वज समुद्र ओलांडून आले तेव्हा ते होडीतून सोबत आणलं होतं.

आईला फोनवर हे सगळं कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "मटणाशेजारी शिजलं ना? मग उपासाला चालायचं नाही."