‘झालं’चं बटण कुठं गेलं ओ?

कामांची यादी सांभाळणाऱ्या ॲपचं नवं रूप मोकळ्या वेळी कधी येत नाही. ते येतं महिनाअखेरीला, डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना. स्क्रीन उघडावी तर मधोमध कुणीतरी कार्टून हात वर करून नाचतंय, भोवती रंगीत कपटे उडताहेत आणि खाली लिहिलंय की तुमचं काम आता आणखी सोपं झालं आहे. हे वाक्य वाचलं की जाणत्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

पाठोपाठ येते सहल. ‘हे बघा तुमचं नवं होम’, पुढे. ‘हा बघा नवा साइडबार’, पुढे. ‘पुढे’चं बटण निळंशार, आणि ‘नंतर बघू’ इतकं फिकट की चष्मा लागतो. ही सहल कुणीच बघत नाही. सगळे पुढे-पुढे-पुढे दाबत सुटतात आणि शेवटी ‘समजलं’ या बटणावर बोट ठेवून धडधडीत खोटं बोलतात.

मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, ऑफिसात हा संवाद ऐकू येतो :

“ओ मालक, ते ‘झालं’चं बटण कुठं गेलं ओ?”

“काय की! मी पण तेच शोधूलालोय.”

बटण गेलेलं नसतं. ते लपलेलं असतं. ॲपात एकेका कामाचं एकेक कार्ड असतं, त्यावर माऊस नेला तरच उजव्या कोपऱ्यात एक गोल उगवतो. त्याला ॲपवाले ‘स्वच्छ डिझाइन’ म्हणतात. मोबाइलला माऊस नसतो, त्यामुळं शॉपवरच्या, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष राबणाऱ्या, माणसाला तो गोल या जन्मी दिसायचा नाही. त्यानं कार्ड उघडायचं, वरची तीन टिंबं दाबायची, यादीतून ‘पूर्ण’ निवडायचं. पूर्वी एक टिचकी होती, आता तीन. त्यातून कास्टिंगच्या वाळूनं माखलेलं बोट. हातमोजे घालून तर स्क्रीन दादच देत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी मोजा काढा, तीन ठिकाणी टेका, मोजा घाला. चार दिवसांत माणूस कार्ड हलवणंच सोडून देतो, आणि मग मालक विचारतो की बोर्डावर सगळंच काम अडकलेलं कसं दिसतंय?

गंमत अशी, की ही सगळी कल्पनाच मुळात कारखान्यातली. टोयोटात ताईची ओनो यांनी कानबानची कार्डं रुजवली ती कुठला माल कधी आणि किती लागणार हे शॉपवरच्या माणसाला बघताक्षणी कळावं म्हणून. संगणकवाल्यांनी ते कार्ड उचललं, स्क्रीनवर लावलं, आणि आता दर दोन वर्षांनी ते बघताक्षणी कळू नये याची व्यवस्था करतात. फाउंड्रीचा बोर्ड तो केवढा? पॅटर्न, कोर, मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई), मशिनिंग, डिस्पॅच. सात रकाने झाले. पंपाच्या बॉडीची 40 नगांची ऑर्डर म्हणजे एक कार्ड, ते डावीकडून उजवीकडं सरकत जायचं. यात सुधारणा करायला जागा आहे असं वाटायलाच एक वेगळी नोकरी लागते.

मूळ दुखणं असं की बटणाची जागा डोळ्यांना नाही, हाताला ठाऊक असते. वर्षभर रोज पन्नासदा तीच टिचकी मारली की हात डोक्याला विचारेनासा होतो. सरकारनं 1 नोव्हेंबर 2014ला आमच्या गावाचं नाव कागदोपत्री बदललं. कुणी अजून बेळगाव म्हणतं, कुणी बेळगावी, त्यावरचे वाद चालूच राहतील. पण खडे बाजार काही त्या रात्री उठून शहापुरात गेला नाही. ॲपवाले नाव तेच ठेवतात आणि खडे बाजार हलवतात.

जुनी जागा रिकामी ठेवली तरी एक वेळ चालेल. पण ‘नवं काम’ हे बटण जिथं होतं, नेमक्या तिथं हल्ली एक चमचमणारी चांदणी येऊन बसलीय. सवयीनं अंगठा तिथं पडतो आणि एआय विचारतो, ‘मी तुमच्यासाठी काय लिहू?’ बाबा, तू काही लिहू नकोस. हीट नंबर, म्हणजे माल भट्टीच्या कुठल्या ओताचा ते, मला ठाऊक आहे, तुला नाही.

आता जागेचा हिशेब. लहान ऑफिसांत अजून 1366 बाय 768चे लॅपटॉप निवांत चालतात. ब्राउझरच्या पट्ट्या आणि खालचा टास्कबार वजा जाता उंचीतले साधारण 630 पिक्सेल हाती लागतात. ॲपचा स्वतःचा मथळा, टॅब, फिल्टरची ओळ यांत 150 गेले. राहिले 480. जुन्या रूपात एक ओळ 32 पिक्सेलची असेल, तर 15 कामं एका नजरेत दिसत होती. नव्या रूपात ‘मोकळा श्वास’ म्हणून ओळ 48ची केली, की 10 उरली. पाच कामं स्क्रीनच्या तळाखाली गेली, आणि जे दिसत नाही ते होत नाही हा शॉपचा नियमच आहे. उपाय साधा : कंट्रोल धरून वजाचं बटण दाबत ब्राउझर 80 टक्क्यांवर आणा, 13 ओळी मिळतात. काही ॲपांत सेटिंगमध्ये ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘डेन्सिटी’ नावाचा पर्याय असतो. तो असेल तर आधी तो, कारण 80 टक्क्यांवर अक्षरंही बारीक होतात. अक्षरांचा रंग आधीच राखाडी. वेबवरच्या मजकुराचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान 4.5 ला 1 या प्रमाणात वेगळा हवा असं सांगितलंय. फिकट राखाडीवाले हे वाचतात की नाही कोण जाणे.

पण आपल्याकडची खरी मौज अक्षरांच्या उंचीत आहे. नवं रूप आखलं जातं इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढं ठेवून. इंग्रजीला बसेल एवढ्याच उंचीची ओळ ठरते, आणि जादा भाग कापायचा हुकूम असतो. मराठीच्या वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार सगळे शिरोरेषेच्या वर. त्यांची कत्तल होते. ‘कोर बॉक्स दुरुस्ती’ (कोर बॉक्स म्हणजे वाळूचा गाभा पाडायचा साचा) असं कार्ड असतं, वरची मात्रा, चंद्र आणि वेलांटी कापली गेली की ‘कार बाक्स दुरुस्ता’ दिसतं, आणि नवा पोरगा विचारतो, मालकांची गाडी गॅरेजला गेली काय ओ? बोर्डावर शेरे कन्नडमध्येही पडत असतात, कारण फेटलिंगचा ठेकेदार कन्नडमध्ये लिहितो. कन्नडची जोडाक्षरं खाली लोंबतात, त्यांचे पाय जातात. मराठीचं डोकं उडवायचं आणि कन्नडचे पाय तोडायचे, दोन्ही भाषांना अगदी सारखा न्याय. सीमाभागात हे आजवर कुणाला जमलं नव्हतं.

दुसरा घोळ रुंदीचा. कार्ड अरुंद केलं, की लांब नावाच्या शेवटी तीन टिंबं येतात. इंग्रजीत ‘पाठवू नका’ला सुरुवातीलाच ‘डू नॉट’ असतं, त्यामुळं शेपूट कापलं तरी जीव वाचतो. आपलं क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘निपाणीच्या पार्टीला माल आज पाठवू नका’ यातलं दिसतं एवढंच : ‘निपाणीच्या पार्टीला माल आज पाठवू…’. पुढचं ‘नका’ कुणी उघडून वाचेपर्यंत ट्रकनं हत्तरगीचा टोल ओलांडलेला असतो. म्हणून नियम करून टाका : कार्डाच्या नावात पहिला शब्द हुकमाचा. ‘थांबवा : निपाणी पार्टी, 40 नग.’ ‘पाठवा : …’. व्याकरणाची शोभा जाते, माल मात्र जागेवर राहतो.

यापेक्षाही छळ होतो तो फोनवर समजावताना. नवं रूप एकदम सगळ्यांना देत नाहीत. आधी थोड्यांना, मग निम्म्यांना, मग उरलेल्यांना, म्हणजे काही बिघडलं तर थांबवता यावं. त्यांच्या दृष्टीनं शहाणपणाचं आहे. पण त्यामुळं मच्छेच्या शेडमधल्या माणसाकडं जुनं, टिळकवाडीतल्या ऑफिसात नवं आणि मोबाइलवर तिसरंच.

“वर उजवीकडं तीन टिंबं हायत बघ.”

“नाहीत की ओ. तीन आडव्या रेघा हायत.”

“त्या डावीकडं असतील.”

“डावीकडं माझा फोटो हाय.”

त्या तीन रेघांचं एक सांगायला हवं. ते चिन्ह झेरॉक्स कंपनीच्या स्टार या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलं, तो संगणक बाजारात आला 1981मध्ये. चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी त्यामागं काय दडलंय हे उघडल्याशिवाय कळत नाही.

कळफलकावर हात बसलेल्यांची तऱ्हा वेगळी. टॅलीचं उदाहरण घ्या, ते आपल्याकडं प्रत्येक हिशेबनिसाला पाठ. नोव्हेंबर 2020मध्ये टॅलीप्राइम आलं तेव्हा बरंच काही हललं. क्रेडिट नोट कंट्रोल-एफ8 वर होती, ती ऑल्ट-एफ6 वर गेली. डेबिट नोट कंट्रोल-एफ9 वरून ऑल्ट-एफ5 वर. पण विक्रीचं एफ8 आणि खरेदीचं एफ9 त्यांनी जागचं हलू दिलं नाही. दिवसाकाठी शंभर वेळा लागतात त्या दोन चाव्या. चार शिव्या देऊन मंडळी कामाला लागली. काय हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही याचं एवढं भान पुरतं.

कामांच्या ॲपात हे भान क्वचित दिसतं. तिथं एकेका अक्षराचे शॉर्टकट असतात. पूर्वी डी दाबलं की तारखेची खिडकी उघडायची. नव्या रूपात तोच डी चालतो, पण कळफलक इंग्रजीवर असला तरच. कार्ड मराठीत टंकून झाल्यावर कळफलक इनस्क्रिप्ट या देवनागरी कळरचनेवरच राहिलेला असतो, तिथं डी म्हणजे हलंत. ॲप विचारतं कुठलं अक्षर आलं, कुठली कळ दाबली हे विचारत नाही. हलंत नावाचा शॉर्टकट कुणी केलेलाच नाही, म्हणून काहीच होत नाही, आणि आपण तीच कळ जास्त जोरात दाबत बसतो.

मग हे करतात तरी कशाला? मला विचाराल तर उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. आपण वर्षाचे पैसे आधीच भरलेत. नवं रूप आपल्यासाठी नसतंच, ते ज्यानं अजून घेतलेलं नाही त्याला दाखवायला असतं. जुन्या रूपाचा फोटो जाहिरातीत शिळा दिसतो. शिवाय आत बसलेल्या माणसालाही वर्षअखेरीला दाखवायला काहीतरी लागतं. ‘मी कशालाही हात लावला नाही’ यावर पगारवाढ मागता येत नाही. बेसकॅम्प या कामांच्या ॲपासारखे अपवाद आहेत : नवी आवृत्ती काढली तरी जुन्या गिऱ्हाइकांना जुनीच वापरू देतात. आणि मायक्रोसॉफ्टएवढ्या मोठ्या कंपनीनंही विंडोज 8 मध्ये 2012ला काढलेलं स्टार्ट बटण 2013ला 8.1 मध्ये परत आणून ठेवलं. म्हणजे मागं फिरता येतं, इच्छा हवी.

तोवर आपल्या हातात काय आहे ते करून ठेवावं. रोज लागणारा बोर्ड, फिल्टर लावलेल्या अवस्थेत, ब्राउझरला बुकमार्क करा. मेनू हलतात, पत्ते सहसा हलत नाहीत. बटण सापडेना तर कंट्रोल-के दाबून बघा, बऱ्याच ॲपांत शोधायची पट्टी उघडते आणि बटणाचं नाव टाइप करून काम भागतं. शॉपवरच्या फोनांत प्ले स्टोअरवर ॲपचं पान उघडून वरच्या तीन टिंबांतली ऑटो अपडेटची खूण काढा. यानं थोडे आठवडे मिळतात, कायमची सुटका नाही, कारण सर्व्हरकडून येणारा बदल फोनला विचारत नाही. नव्या रूपानंतर सूचनांची सेटिंगही तपासा. बऱ्याचदा ती मूळपदावर जाते आणि प्रत्येक शेऱ्याची ईमेल पन्नास जणांना सुटते.

आठवड्याला एकदा सगळी कामं सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत) उतरवून ठेवा. वंडरलिस्ट हे लोकांचं लाडकं ॲप मायक्रोसॉफ्टनं 2015ला घेतलं आणि 6 मे 2020ला बंद केलं, तेव्हा याद्या उतरवून घ्यायची घाई झाली ती आधी न उतरवणाऱ्यांचीच. मात्र ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. मराठी आणि कन्नडच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं येतात. रिकामं एक्सेल उघडा, डेटामध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, फाइल ओरिजिनला 65001 यूनिकोड यूटीएफ-8 ठेवा. आणि तारखेकडं नीट बघा : ॲप अमेरिकी पद्धतीनं लिहीत असेल तर 05/06 म्हणजे 6 मे, आणि तुम्ही 5 जून समजून पार्टीला शब्द देऊन बसाल.

‘जुन्या रूपाकडं परत जा’ ही ओळ बहुधा आपल्या फोटोमागच्या मेनूत, अगदी तळाला असते आणि थोडेच आठवडे असते. ती दाबली की का जाताय म्हणून विचारतात. तिथं शिव्या लिहू नका, कुणी वाचत नाही. असं लिहा : अमुक पानावर काम पूर्ण करायला आधी 1 टिचकी लागत होती, आता 3 लागतात, स्क्रीन 1366 बाय 768, मराठी मात्रा वरून कापल्या जातात, सोबत फोटो, हे रोज 18 माणसं वापरतात. असली तक्रार कामाच्या यादीत चढवता येते, म्हणून चढण्याची शक्यता असते.

लिहून झालं की ‘पाठवा’ दिसणार नाही. मदतीच्या चॅटचा गोल बुडबुडा नेमका त्याच्यावर बसलेला असतो. कंट्रोल धरून वजा दाबा, दोनदा. दिसतं.