एक दिवस नाही खाल्लं तर?

"एक दिवस मटण नाही खाल्लं तर मराल का?" हा प्रश्न माझ्या मोठ्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकला होता. २०२५च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी चोवीस तास कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला, तेव्हा. १९८८च्या ठरावाप्रमाणे हे दरवर्षीचंच आहे, असं पालिकेचं म्हणणं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही अशी बंदी चुकीची असल्याचं म्हटलं. चॅनेलवाल्यांचं दोन दिवस भागलं आणि सगळे विसरले. माझ्या घशात मात्र दादाचं वाक्य पाला माशाच्या काट्यासारखं अडकून बसलंय. भाताचा गोळा गिळून झाला, केळं खाऊन झालं, निघत नाही.

आम्ही डोंबिवलीचे सीकेपी. दादाही. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी खाऊन वाढलेल्या माणसाने हे विचारावं, याचाच राग जास्त.

मी राहते जर्मनीत, तेव्हा त्याला लगेच जर्मनी ऐकवली. परदेशात राहणाऱ्यांना ही खोडच असते. म्हटलं, इथे २०१३च्या निवडणुकीआधी ग्रीन पक्षाने नुसतं सुचवलं होतं, की सरकारी कँटीनमध्ये आठवड्यातला एक दिवस बिनमांसाचा ठेवावा. आदेश नव्हता, दुकानाला हात लावायचा नव्हता. तरी 'आमच्या ताटातलं मांस काढून घेतात' म्हणून एवढा गदारोळ झाला, की पक्ष साडेआठ टक्के मतांच्या आतच अडकला. हरायला बाकीही कारणं होती. ती मी दादाला सांगितली नाहीत.

दादाचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "तुमच्याकडे दर रविवारी सगळंच बंद असतं ना? तेव्हा नाही तुमचं स्वातंत्र्य धोक्यात येत?"

खरंय. शनिवारी संध्याकाळी प्फांडच्या, म्हणजे परत दिल्या की अनामत मिळते त्या, बाटल्यांच्या पिशव्या घेऊन एडेका सुपरमार्केटात धावणाऱ्यांत मीही असते. पण रविवारी पुस्तकाचं दुकान बंद, बुटांचं बंद, खाटकाचंही बंद. त्यात एकट्या खाटकाकडे बोट दाखवलेलं नसतं. आणि हॅम्बुर्गात तर रविवारी पहाटे आल्टोनाचा मासळी बाजार भरतो, १७०३पासून. मासळी थांबत नाही म्हणून चर्चच्या आधी विकून टाकायची परवानगी मिळालेली; आजही साडेनऊला घंटा होईपर्यंत चालतो. देवाच्या दिवशीसुद्धा मासळीला वाट काढून दिली की नाही, असं मी लिहिलं आणि वर अंगठा टाकला. गुड फ्रायडेला इथे डिस्कोत नाचायलाही बंदी असते, हे गिळलं.

आता माझं पोट कशावर चालतं तेही सांगते. मी खाण्याचे फोटो काढते, आणि सध्या त्यातले निम्मे वाटाण्याच्या प्रथिनांपासून केलेल्या सॉसेजचे असतात. ते तव्यावर टाकलं की फिकट तरी राहतं नाहीतर एकदम करपतं. म्हणून लोखंडी सळई तापवून त्यावर भाजल्याचे पट्टे मी हाताने ओढते. वरचा घाम म्हणजे ग्लिसरीन आणि पाणी, अर्धं-अर्धं, ब्रशने. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, ती पण वापरलेली घेतलेली, पुढे पोलरायझर, म्हणजे तेलाची चमक हवी तेवढीच राहते. लोकांना वाटतं कॅमेरा महाग असला की झालं. माझी सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे काळ्या फोमबोर्डचा दोन युरोंचा तुकडा. उजेड सगळेच आणतात, तो अडवता यायला हवा. डिसेंबरात तर चार वाजताच सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी अकरा ते एक एवढाच काय तो खिडकीचा धंदा.

याच खिडकीशी गेल्या महिन्यात मी सुके बोंबील मांडले. गिऱ्हाईक कोणी नाही, माझ्यासाठीच. सरळ उजेडात बोंबील करडा, मेलेला दिसतो. उजेड आडवा, खालून आणला आणि समोर काळा बोर्ड धरला, की कातडीवरची एकेक सुरकुती उठते, कडा मधासारख्या पारदर्शक होतात, तोंडाशी सुईसारखे दात दिसतात. इतका देखणा मासा मी पन्नास युरोंच्या प्लेटमध्येही टिपलेला नाही.

या बोंबलाने माझी जिरवली ती अशी. १९९७मध्ये युरोपियन कमिशनने त्याची आयातच बंद केली होती. मासळी मान्यताप्राप्त कारखान्यातूनच यायला हवी, आणि आपले बोंबील समुद्रकाठी बांबूंवर, उघड्या उन्हात वाळतात. पुढे पॅकिंगची तोड काढून परवानगी मिळाली. म्हणजे एक दिवस नाही, चांगली काही वर्षं! दादाला हे ठाऊक नाही. मीही कळवलेलं नाही.

आणि फोटो झाल्यावर ते बोंबील मी भाजले कसे? खिडक्या लावून, एक्झॉस्ट जोरात, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. आमचं घर आल्टबाऊ, म्हणजे जुनी इमारत, ट्रेपनहाउसमधून, म्हणजे जिन्यातून, वास चार मजले चढतो. शेजारणीने कधी तक्रार केलेली नाही. फक्त एकदा "मोईन" या इथल्या नमस्कारानंतर जरा थांबून विचारलं होतं, की गॅस तर गळत नाही ना. ओल्या टॉवेलची युक्ती मी इथे शिकले नाही, ती आईची. डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या काकूंनी एकदा नाकाला पदर लावला, त्या दिवसापासून आई सोडे परतायच्या आधी घर बंद करायची. पालिकेचा आदेश नव्हता. काकू फार प्रेमळ होत्या, मला गणित शिकवायच्या.

या वादात माझं मत तसंही बिनकामाचं. २०२४मध्ये मी जर्मन नागरिक झाले. इथे आता दोन पासपोर्ट चालतात, आपल्याकडे चालत नाहीत, म्हणून निळा परत केला. डोंबिवलीचा नगरसेवक कोण, यात माझा काही संबंध उरला नाही. 'आपल्याकडे' मात्र हात आपोआप लिहून जातो.

बोंबलाचा फोटो मी ग्रुपवर टाकला. दादाने बदाम पाठवला, वर "तोंडाला पाणी सुटलं" असंही लिहिलं. आईने बऱ्याच वेळाने बघितला.

"छान. खिडकी लावली होतीस ना?"

लावली होती, असं कळवलं.