तर मग आम्ही काय करावं?

मनाची तयारी म्हणजे नेमकं काय, हे मला पुष्कळ वर्षं कळलंच नव्हतं. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार रविवार येतात तो तयारीचा काळ, लागला की मी प्रार्थना वाढवायचे, आवडीची एखादी गोष्ट सोडायचे, धर्मगुरूंकडे पापनिवेदनाला जायचे. मन भरून यायचं. ते भरून येणं म्हणजेच तयारी, असं मी धरून चालले होते. आता तसं वाटत नाही.

आगमनकाळात आपण वाट बघतो ती राजाची, ख्रिस्ताची. पाहुणा येणार असेल तर बाहेरची खोली आवरली तरी भागतं. राजाचा हुकूम आतल्या खोलीतही चालतो, जिथे आपण कुणालाच नेत नाही तिथेही. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, तेव्हा महायुद्ध संपून सातच वर्षं झाली होती आणि युरोपात हुकूमशहा डोकं वर काढत होते. हा सण आधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या सुधारणेत तो उपासनावर्षाच्या अखेरच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याच रविवारी आगमनकाळ सुरू होतो. आधी त्याला राजा म्हणून कबूल करायचं आणि मग त्याची वाट बघायची, हा क्रम मला फार खरा वाटतो.

दर तीन वर्षांनी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी, लूकच्या शुभवर्तमानातला एक उतारा वाचला जातो. यार्देन नदीकाठी लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, "तर मग आम्ही काय करावं?" आधी जमाव विचारतो, मग जकातदार, मग शिपाई. योहान कुणालाही 'मन शुद्ध करा' एवढंच सांगून सोडत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी धाकदपटशाने पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात समाधान मानावं. जकातदाराला तो नाका सोडून रानात चल म्हणत नाही, हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. नाका तोच, हिशेबाची वही तीच, फक्त त्या वहीतला आकडा बदलायचा. प्रभूची वाट सरळ करण्यासाठी यशया संदेष्ट्याने सपाट करायला सांगितलेले उंचवटे आणि भरायला सांगितलेली खोरी तिथेच असतात, रोजच्या कामाच्या जागी.

आणि हे ठाऊक असूनही माणूस जागचा हलत नाही. हेरोद राजाने धर्मशास्त्र जाणणाऱ्या शास्त्र्यांना बोलावून विचारलं, ख्रिस्त कुठे जन्मणार? त्यांनी लगेच सांगितलं, बेथलेहेमात, मीखा संदेष्ट्याने तसं लिहून ठेवलंय. अगदी बरोबर उत्तर. यरुशलेमपासून बेथलेहेम जेमतेम नऊ किलोमीटर. ताऱ्याचा माग काढत आलेले परक्या देशातले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तिथवर गेले. शास्त्री गेल्याचं शुभवर्तमानकार मत्तय कुठेच सांगत नाही. मी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलचं वाचन करते. मीखाचा तो उतारा मी कितीदा वाचलाय, आणि स्वच्छ उच्चारांत वाचलाय. त्या शास्त्र्यांत मला मी दिसते.

माझी वही सांगते. माझ्या हाताखालच्या एका मुलाने एक अहवाल तयार केला होता. चार महिने राबून केलेलं काम. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं आणि मी गप्प राहिले. खोटं एक अक्षर बोलले नाही, म्हणून ते पापनिवेदनातही कधी आलं नाही. पुढे तो मुलगा नोकरी सोडून गेला. योहानाचं 'ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका' ऐकताना तो अहवाल डोळ्यांसमोर आला, आणि त्या दिवशी मला कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या, रांगेत उभं राहवेना.

सोमवारी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला?" लेखी दिलं. मग त्या मुलाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगाल असं मला तेव्हा वाटलं होतं."

त्याने माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मीही मागे लागले नाही. ते मागण्याचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

हा राजा शिंगराच्या पाठीवर बसून नगरात आला. रोमन सुभेदार पिलातासमोर बांधलेल्या हातांनी उभा राहिला. क्रुसावर त्याच्या डोक्यावरची पाटी तीन भाषांत होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता यावी. इतक्या उघडपणे अपमान सोसणाऱ्यासाठी मला माझी इज्जत थोडी कमी करून घेता येऊ नये, याचं वाईट वाटतं. तो दाराशी उभा राहून ठोकतो, दार मोडून आत येत नाही. कडी आतून मलाच काढायची आहे.

या आगमनकाळात माझ्या वहीत अजून दोन नावं आहेत. एक घरातलंच आहे आणि ते सगळ्यात अवघड आहे. नाताळच्या आधी त्या दारी जायचं ठरवलंय. प्रार्थनेत माझी आठवण ठेवा.