वाढलेला थायरॉईड आणि ‘चाळीस दिवसांत बरा’ हा मेसेज

मागच्या रविवारी सकाळी आमच्या राजेंद्रनगरमधल्या एक काकू मेडिकलवर आल्या. पिशवीत कार्बिमाझोलच्या, म्हणजे वाढलेल्या थायरॉईडच्या गोळीच्या, दोन न फोडलेल्या स्ट्रिप. ‘‘अरे, ह्या परत घेशील का? मला आता लागणार नाहीत. नऊ दिवस झाले, बंदच केल्यात.’’

मी त्यांना स्टुलावर बसवलं, दोन्ही हात समोर ताठ करून बोटं फाकवायला सांगितली आणि बोटांवर बिलाचा एक कोरा कागद ठेवला. पंखा बंद होता, तरी कागदाच्या कडा सारख्या थरथरत होत्या. मग मनगट धरून घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट नाडी मोजली. एकशे बारा भरली, आणि त्या तर दहा मिनिटं शांत बसलेल्या होत्या.

काकूंनी मोबाईल पुढे केला. तो मेसेज महिनाभर इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर फिरतोय. आधी हिंदीत आला, मग कुणीतरी मराठी करून टाकला. म्हणणं असं: थायरॉईड कसलाही असो, मूळ कारण आयोडीनची कमतरता, समुद्री शेवाळाची पावडर आणि अश्वगंधा घ्या, धन्याचं पाणी प्या, चाळीस दिवसांत मुळापासून बरा, गोळ्या आधी बंद करा, त्या लिव्हर आणि रक्त खराब करतात आणि जन्मभर सुटत नाहीत, आणि डॉक्टरांनी रेडिओआयोडीन सुचवलं तर पळा, त्याने कॅन्सर होतो.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. कुणाचा डोस ठरवणं माझं काम नाही. पण परत आलेल्या स्ट्रिप माझ्या काउंटरवर पडतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘थायरॉईड कसलाही असो.’ सगळा घोटाळा इथेच सुरू होतो. ‘मला थायरॉईड आहे’ असं आपण सर्रास म्हणतो, पण थायरॉईड सगळ्यांनाच असतो. कंठमण्याच्या खाली बसलेली, फुलपाखराच्या आकाराची, साधारण वीस ग्रॅम वजनाची ती ग्रंथी आहे. तिने हार्मोन कमी केलं तर माणूस सुस्तावतो, थंडी वाजते, वजन चढतं. जास्त केलं तर उलटं: भूक भरपूर तरी वजन उतरतं, घाम, धडधड, हातांना कंप, झोप नाही, पोट सारखं साफ होतं, पाळी कमी जाते. दोघांना एकच उपाय सांगणं म्हणजे वाढलेल्या आणि पडलेल्या बीपीला एकच गोळी देणं.

मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की टीएसएच कमी आला म्हणजे थायरॉईड कमी आहे. काकूंच्या रिपोर्टात टीएसएच ०.०१ पेक्षा कमी होता; साधारणपणे तो ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो. आकडा लहान बघून त्यांना मेसेज पटला. पण टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा हुकूम आहे. रक्तात हार्मोन कमी पडलं की हुकूम वाढतो, जास्त झालं की थांबतो. काकूंच्या बाबतीत मालक (पीयूष ग्रंथी) केव्हाचा ‘पुरे’ म्हणून गप्प बसलाय आणि कारागीर (थायरॉईड) जलेबीचे घाणे काढतोच आहे. म्हणून टीएसएच तळाला आणि शेजारच्याच ओळीत टी४, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, वर. रिपोर्ट वाचताना या दोन ओळी एकत्रच वाचायच्या असतात. टीएसएचची एकटी ओळ बघून कुणी शेजारणीची थायरॉक्सिनची गोळी (थायरॉईड कमी असणार्‍यांना देतात ती) घेतली, तर आगीत तूपच पडतं. हे मी होताना पाहिलंय.

कारागीर का थांबत नाही, याची कारणं वेगवेगळी आहेत. सगळ्यात जास्त आढळतो तो ग्रेव्हज डिसीज. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीत कार्ल फॉन बाझेडो यांनी १८४० मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आपल्याच शरीराची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) टीएसएचचं सोंग घेऊन ग्रंथीला कामाला जुंपतात. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. काहींना डोळ्यांचाही त्रास होतो, डोळे पुढे येतात, कोरडे पडतात. सिगारेट ओढणार्‍यांमध्ये हे जास्त बिघडतं. दुसरं कारण ग्रंथीतल्या गाठी, ज्या कुणाचा हुकूम न मानता हार्मोन करत सुटतात. तिसरं थायरॉयडायटिस: ग्रंथीला सूज येते आणि आत साठवलेलं हार्मोन रक्तात गळतं, बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तर बर्‍याचदा.

‘चाळीस दिवसांत बरा’चं उत्तर याच तिसर्‍या कारणात आहे. साठा गळून संपला की थायरॉयडायटिस बहुतेकांचा काही आठवड्यांत, नाहीतर महिन्यांत आपोआप ओसरतो. त्या काळात धन्याचं पाणी पिणारी बाई मनापासून सांगते की मला पाण्याने बरं वाटलं. ती खोटं बोलत नाही. फक्त तिचा आजार काकूंचा नव्हता. थायरॉयडायटिसला कार्बिमाझोलही लागत नाही, कारण ही गोळी नवं हार्मोन बनणं रोखते, गळणारं नाही. तिथे धडधडीपुरतं प्रोप्रानोलॉलसारखं औषध देतात (दमा असेल तर ते आधी सांगायचं). म्हणूनच डॉक्टर प्रतिपिंडांची रक्ततपासणी किंवा स्कॅन लिहून देतात. ती चिठ्ठी पैसे काढायला दिलेली नसते. गळतंय की बनतंय, हे तिच्यावरून कळतं.

आता आयोडीन. या मेसेजमधली सगळ्यात धोक्याची ओळ हीच. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. एके काळी आपल्याकडे त्याची खरोखरच वानवा होती. हिमालयाच्या पायथ्याला गावंच्या गावं गलगंडाची होती, म्हणून सरकारने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि मीठ आयोडीनयुक्त झालं. आज पुडा फोडून आपण जे पोह्यांत आणि वरणात घालतो ते बहुधा हेच मीठ. शेवाळाच्या पावडरीत मात्र आयोडीन किती, याचा भरवसा नसतो; एका चमच्यात दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट असू शकतं. आयोडीन हा हार्मोनचा कच्चा माल. ग्रंथीत बेलगाम गाठी असतील तर जादा आयोडीन मिळताच त्या आणखी हार्मोन बनवतात. ज्यांचा आजार लपलेला होता त्यांचाही अशाने उघडा पडतो. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणार्‍या अमिओडारोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणून ती घेणार्‍यांचा थायरॉईड ठरावीक काळाने तपासतात. डॉक्टर एवढं जपत असताना आपण चमच्याने आयोडीन खायचं? रोजचं मीठ चालू द्यावं, आणि पावडर घरात आणूच नये.

अश्वगंधेबद्दल थोडक्यात: तिने थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं, आणि ती घेतल्यावर हा आजार उद्भवल्याच्या नोंदी आहेत. वाढलेल्या थायरॉईडला ती नकोच. धन्याचं पाणी आवडत असेल तर प्या, पण गोळीच्या जागी नाही.

‘गोळ्या लिव्हर आणि रक्त खराब करतात.’ यात खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. कार्बिमाझोलने क्वचित कावीळ होते. प्रोपिलथायोयुरासिल या दुसर्‍या औषधाने लिव्हरला होणारी इजा जास्त गंभीर असू शकते, म्हणून ते मुख्यतः गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत वापरतात, कारण तेव्हा कार्बिमाझोलने बाळाला धोका असतो. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं ते यासाठी. या गोळ्या घेणार्‍या हजारात दोन ते पाच जणांच्या रक्तातल्या पांढर्‍या पेशी एकदम घटतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. त्याची खूण ताप, घसा प्रचंड दुखणं, तोंडात फोड. मेसेज लिहिणार्‍याने भीती दाखवली, पण खूण सांगितली नाही. कुणाच्या उपयोगाची तीच होती.

शिवाय औषध न घेण्याचाही हिशेब असतो. ‘वजन उतरतंय, छानच की’ म्हणून हसणार्‍या बाईचे स्नायू आणि हाडं झिजत असतात. साठीच्या पुढे तर कंप, घाम फारसे दिसतही नाहीत. नुसता थकवा असतो आणि एक दिवस ठोके बेताल होतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर अर्धांग. काकू बासष्ट वर्षांच्या आहेत.

‘जन्मभर सुटत नाहीत.’ ग्रेव्हजमध्ये कार्बिमाझोलचा कोर्स साधारण बारा ते अठरा महिन्यांचा. त्यानंतर जवळपास निम्म्या लोकांचा आजार परत येत नाही. मात्र पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही, कारण ग्रंथीत आधीचा साठा असतो. चार-सहा आठवडे जातात. टी४ ठीक झाल्यावरही टीएसएच काही महिने दबलेलाच राहू शकतो. काकूंनी नेमकं इथेच ‘गोळी लागूच पडत नाही’ असं मानलं.

राहिलं रेडिओआयोडीन. ग्रंथी आयोडीन ओढून घेते, याच तिच्या सवयीचा उपयोग करून घेतलाय: किरणोत्सारी आयोडीन-१३१ गिळायला देतात, ते ग्रंथीत जाऊन बसतं, त्याचे बीटा कण दोन-एक मिलिमीटरच जातात आणि तिथल्याच पेशी मारतात. दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. बॉस्टनला सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये किरणोत्सारी आयोडीन पहिल्यांदा दिलं, म्हणजे उपचार ऐंशी वर्षांपेक्षा जुना आहे, आणि आपल्याकडे हे आयोडीन ट्रॉम्बेला तयार होतं. एवढ्या वर्षांच्या पाठपुराव्यात कॅन्सरचा धोका वाढत असलाच तर अगदी थोडा, असं दिसतं. खरे तोटे वेगळे आहेत. नंतर बहुतेकांचा थायरॉईड कमी पडतो आणि थायरॉक्सिन कायमचं लागतं. डोळ्यांचा त्रास असेल तर वाढू शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणार्‍या बाईला ते देतच नाहीत, दिवस राहण्याआधी निदान सहा महिने थांबायला सांगतात, आणि काही दिवस लहान मुलांना कुशीत घेऊन झोपायचं नाही. यांवर डॉक्टरांशी बसून बोला. ऑपरेशनचाही मार्ग आहे, विशेषतः गलगंड मोठा असेल तर; अनुभवी हात मात्र हवा, कारण आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणार्‍या ग्रंथी तिथेच चिकटून असतात.

काकूंच्या डॉक्टरांना मी काउंटरवरूनच फोन लावून दिला. त्यांनी गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला सांगितली आणि मंगळवारी बोलावलं. स्ट्रिपच्या पाकिटावर मी निळ्या पेनने मोठ्या अक्षरात लिहून दिलं: ‘ताप आला किंवा घसा दुखला तर पुढची गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं, सीबीसी.’ काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग पर्समधून आणखी एक डबी काढली, केसांसाठी मुलीने आणून दिलेली, दहा मिलिग्रॅम बायोटिन. ‘‘आणि हिचं काय?’’

बायोटिनने काही लॅबच्या यंत्रांवर टी४ खोटाच वर आणि टीएसएच खोटाच खाली दिसतो. पाकिटाच्या मागच्या बाजूला मी दुसरी ओळ लिहिली: ‘रक्त द्यायच्या आधी दोन दिवस केसांची गोळी बंद, आणि डॉक्टरांना सांगायचं.’