सव्वा तोळ्याचा जावई

२०२३ साली श्रावण अधिक आला आणि माझ्या उजव्या मनगटाचे स्वातंत्र्य संपले. अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो आणि त्या महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायणाचा जोडा मानून धोंड्याचे जेवण व ३३ अनारशांचे वाण देण्याची रीत आहे, एवढे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की त्याच वर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पत्नीला माहेरहून आणायला मी धरणगावी गेलो आणि आमरस-पुरणपोळीच्या अमलाखाली ओसरीवर घोरत पडलो, तेव्हा माझ्या शालकाने पांढऱ्या दोऱ्याने माझ्या मनगटाचे माप घेऊन तो दोरा गाठ मारून देवघरात जपून ठेवला होता.

अधिक श्रावणात आम्हांला पाटावर बसवले गेले. अनारशांच्या ताटाशेजारी लाल मखमलीची डबी होती. "जावईबापू, हात पुढे करा," असे सासरे म्हणाले आणि मी प्रसाद घेण्यासाठी करतात तशी ओंजळ पुढे केली. त्यांनी ती उलटी करून मनगटावर सोन्याचे ब्रेसलेट चढवले. जळगावच्या सराफ बाजारातून आणलेला तो १२.५ ग्रॅमचा, म्हणजे हल्लीच्या हिशेबाने सव्वा तोळ्याचा, ऐवज होता. पूर्वीचा तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्तच भरत असे, त्यामुळे आजेसासूबाईंच्या मते तो सव्वा तोळा मुळी नव्हताच, आणि सोन्याचा भाव वाढताना तोळा मात्र आटत गेला, हे त्यांनी जमलेल्या गल्लीला दोनदा समजावून सांगितले.

ब्रेसलेट २२ कॅरेटचेच असावे, हा सासऱ्यांचा हट्ट होता आणि त्यालाही कारण होते. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, तेव्हा १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली होती. सासऱ्यांच्या थोरल्या भावाचे लग्न नेमके त्या काळातले, त्यामुळे त्यांना १४ कॅरेटची अंगठी मिळाली आणि तिचा सल त्या घराण्यात आजही ताजा आहे. म्हणून मला भिंग देण्यात आले आणि ब्रेसलेट अडकवायच्या आकड्याच्या पाठीवरचा ९१६ हा शिक्का व २०२३ च्या एप्रिलपासून सक्तीचा झालेला सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून घेण्यात आला. मी शिक्षक असूनही तिसऱ्या अक्षराला अडखळलो.

पुरुषांनी दागिने घालावेत की नाही, या प्रश्नाशी तोवर माझा काही संबंध आलेला नव्हता. आता तो प्रश्न दिवसातून अनेकदा माझ्या मनगटावरचे केस उपटून मला विचारला जाऊ लागला. दोन कड्यांच्या सांध्यात एखादा केस अडकतो आणि फळ्यावर हात वर नेताच तो मुळासकट निघतो. "समीकरणाच्या दोन्ही बाजूंना" असे म्हणताना मधेच माझ्या तोंडून जो "स्स" निघतो, तो काही मुलांनी वहीत उतरवून घेतला आहे. शर्टाच्या बाहीचे बटण लावले तर ब्रेसलेट दिसत नाही आणि न लावले तर मुख्याध्यापक माझ्याकडे बघतात. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून "सर, खरं आहे का बेंटेक्स?" अशी विचारणाही झाली.

शाळेबाहेर परिस्थिती आणखी नाजूक होती. आमच्या भागात पुरुषाच्या मनगटावर सोने दिसले की समोरचा माणूस आधी प्लॉटचा भाव विचारतो. एका पालकाने मला वाळूच्या ठेक्याबद्दल विचारले, दुसऱ्याने येत्या निवडणुकीत कोणत्या वॉर्डातून उभे राहणार ते विचारले आणि भाजीवाल्या मावशींनी, ज्या आजवर मला कोथिंबीर वरून घालत असत, ती घालणे बंद केले. पगार तोच होता. फक्त मनगटाने तो चौपट करून सांगायला सुरुवात केली होती.

एरंडोल तालुक्यातल्या माझ्या आजीने तर हात धरून जवळ ओढला आणि "हाई काय शे रे हातमा?" असे विचारले. सोने म्हटल्यावर तिला आजोबांचे चांदीचे कडे आठवले. त्या कड्यासकट आजोबा मोट हाकत, नांगर धरत आणि आंघोळ करत. ते काढलेले तिने एकदाच पाहिले, १९७२ च्या दुष्काळात, बैलांच्या कडब्यासाठी सोनाराकडे नेताना. ते कडे पुन्हा आले नाही, बैल मात्र वाचले. त्या काळी करदोडा, कानातली बाळी आणि हातातले कडे हेच शेतकऱ्याचे बचत खाते होते आणि तो ते अंगावर घेऊनच फिरे, त्यामुळे पुरुषाने दागिना घालावा का, असे कोणी विचारत नसे. माझे ब्रेसलेट मोडून बैल वाचवायचा म्हटले, तर आधी सासऱ्यांना सांगावे लागेल आणि मग मला कोण वाचवील, हा प्रश्न आहे.

त्या डिसेंबरात यावलकडच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजली गेली, सोलली गेली आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, घालून कुटण्याचा मान मला मिळाला. थंडी असल्याने मी पत्नीने विणलेला स्वेटर घातला होता आणि हिरव्या मिरच्या, लसूण व शेंगदाण्यांसह दहा किलो वांगी कुटून हात धुवायला गेलो, तो मनगट मोकळे! पुढचा अर्धा तास मंडळींनी ते भरीत पळीने, चमच्याने आणि शेवटी बोटांनी चाळले. सापडले काहीच नाही. भुकेपुढे इलाज नसल्याने पंगत बसली खरी, पण जन्मात पहिल्यांदा मी खान्देशातली माणसे भरीत इतके सावकाश आणि विचारपूर्वक चावताना पाहिली. "भाऊ, आज भरीत बावीस कॅरेटचं आहे," असे कोणी तरी म्हणाले आणि मला ठसका लागला. तो आवरण्यासाठी हात उचलला, तेव्हा स्वेटरच्या कोपरापाशी काही तरी चमकले. ब्रेसलेटाचा आकडा लोकरीच्या एका टाक्यात अडकला होता, टाका उसवत उसवत वर गेला होता आणि सव्वा तोळे सोने माझ्याच बाहीला लोंबत होते. मिरचीचे हात तसेच डोळ्यांना लावून मी देवाचे आभार मानले, त्यामुळे नंतरचा तासभर मला काही दिसले नाही.

घरी ही कथा सांगितल्यावर पत्नी स्वेटरचा टाका बघत म्हणाली, "अहो, पंधरा वर्षं बांगड्या घालून कळण्याच्या भाकरी थापतेय मी. एक तरी बांगडी भाकरीत निघाली का?" माझ्या सगळ्या युक्तिवादांचा त्या भाकरीखाली चेंदामेंदा झाला. तिच्या हातांत बांगड्या, पाटल्या असतात आणि ती त्यांच्याकडे पाहतही नाही. मी मात्र दिवसभर मनगट सांभाळत असतो, जणू ते कोणाचे तरी माझ्याकडे ठेवायला दिले आहे.

दागिने पुरुषांना शोभतच नाहीत, हा शेवटचा आधारही मला फार दिवस धरता आला नाही. शाळेची सहल अजिंठ्याला गेली. जळगावहून ते साठेक किलोमीटरच आहे, त्यामुळे आमच्याकडची प्रत्येक पिढी तिथे डबे खाऊन आलेली असते. पहिल्या लेण्यातल्या चित्रात बोधिसत्त्व पद्मपाणी हातात कमळ घेऊन दीड हजार वर्षे उभा आहे: डोक्यावर उंच मुकुट, गळ्यात मोती, हातांत कंकण, आणि चेहऱ्यावर इतकी शांतता, की त्याचा एकही केस कधी कुठे अडकला नसावा. मी इतिहासाच्या सरांची जागा घेऊन वाकाटकांबद्दल सांगू लागलो, तोच मागच्या बाकावरचा तो मुलगा माझ्या मनगटाकडे आणि पद्मपाणीच्या मनगटाकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, "सर, यांचं पण अधिक महिन्यातलं का?"

तेव्हापासून मी ते ब्रेसलेट कपाटात ठेवतो आणि धरणगावच्या वेशीवर मोटारसायकल थांबवून हातात चढवतो. साठ हजारांच्या आसपासचे सोने लाखाच्या पलीकडे गेल्यापासून कपाटाची किल्ली पत्नीकडे असते, त्यामुळे घालायलाही परवानगी लागते.

यंदा २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे आणि तो १७ मे रोजी सुरू होतो. हे माझ्या ध्यानातही नव्हते. संक्रांतीला सासुरवाडीस गेलो, शेवभाजी जरा जास्त झाली आणि नेहमीप्रमाणे ओसरीवर पडलो. गळ्यापाशी गुदगुल्या झाल्याने जाग आली, पण मी डोळे किलकिलेच ठेवले. शालक पांढरा दोरा घेऊन माझ्यावर वाकला होता आणि सासरे दारातून दबक्या आवाजात त्याला सांगत होते, "दोन इंच जास्तीचं धर, आता वजन वाढलंय त्यांचं."